आत्ताच घेतलं

आजारपण माणसाला मऊ करतं. स्वतःच्या दुःखातून तो दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकतो, त्याचा अहंकार गळून पडतो आणि त्याच्या हातून नकळत लहान लहान सत्कर्मं घडू लागतात. आमच्या डायलिसिस केंद्राच्या भिंतीवर अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत, हिंदीत आणि तेलुगूत लिहिलेलं आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, मी त्या भिंतीसमोर पडून असते. दोन वर्षांत माझ्या अंगातून यंत्राने बरंच काही काढून घेतलं. अहंकार अजून जागेवर आहे.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या हाताला नुकतीच पहिली सुई लागली आहे त्यांच्यासाठी. यंत्राशी महिन्याभरात जमतं, ते बिचारं काही बोलत नाही. प्रेमळ माणसांशी जमायला मला जास्त वेळ लागला, आणि त्यांतल्या एकीच्या प्रेमळपणाने मी जवळजवळ मेले. ते कसं, आणि पुढे मी काय केलं, एवढंच सांगायचं आहे.

*

सुरुवात पायांच्या सुजेपासून झाली. मला वाटलं, चप्पल आखडली. तेहतीस वर्षं हैदराबादेत आबिड्सच्या पोस्टात खिडकीमागे बसल्यावर चूक समोरच्याची आहे असं गृहीत धरायची सवय लागते. मी नवी चप्पल घेतली. तीही आखडली. मग सुधाकर मला डॉक्टरकडे घेऊन गेला. सुधाकर माझा नवरा, बँकेतून निवृत्त झालेला, कुठलीही गोष्ट दोनदा तपासून बघणारा.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे मूत्रपिंडं म्हणून दोन काजू काढले आणि दोन्हींवर काट मारली.

"दोनों?" सुधाकरने विचारलं.

"दोनों."

"एक तो थोडा चलता होगा?"

"नहीं सर."

मग त्यांनी पाण्याचं सांगितलं. दिवसाला सातशे मिलिलिटर. त्यात चहा आला, गोळीबरोबरचा घोट आला, वरणाचं पाणी आलं, सगळं आलं. मूत्रपिंडं बंद पडली की आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते आधी पायांत साठतं, मग फुप्फुसांत. यंत्र ते ओढून काढतं, पण यंत्राच्या ओढण्यालाही मर्यादा आहे. वैद्यकीय माहिती मी एवढीच देणार आहे. बाकीची तुम्हाला शेजारी देतील.

घरी आल्यावर सुधाकरने सवयीने माठातून दोन पेले भरून आणले. एक माझ्यासमोर ठेवला, मग आठवलं तसा उचलून परत नेला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. माझ्यासमोरून पेला उचलून नेल्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी त्याने एका बाटलीवर बॉलपेनने रेघा मारल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि तेव्हापासून तो माझ्यासमोर पाणी पीत नाही. न्हाणीघरात जातो, दार लावतो, उभ्याने पितो. मला आवाज ऐकू येतो. तहानलेल्या माणसाचे कान फार तिखट होतात. मे महिन्यात, हैदराबादेत, भर दुपारी भिंतीपलीकडे कुणी गटागट पाणी पितंय हे ऐकण्यापेक्षा समोर पिताना बघणं परवडलं असतं. पण हे त्याने माझ्यासाठी केलेलं, त्यामुळे तक्रार करता येईना. दयाळूपणाचा पहिला त्रास हा, की त्याच्याविरुद्ध अर्ज घ्यायला खिडकी नसते.

आमची मुलगी प्रज्ञा गच्चीबौलीत नोकरी करते, तिथेच राहते. शनिवारी येते. मराठी बोलते, पण वाचायला बसली की ओळीवर बोट ठेवावं लागतं, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत ती फोन उचलते. त्यामुळे तिच्याबद्दल मी इथे मोकळेपणाने लिहू शकते.

*

पाण्याचं इतकं काय, असं कुणाला वाटेल. त्यासाठी माझ्या आईबद्दल सांगायला हवं.

माझं माहेर इथल्याच लालागुड्याचं. वडील नांदेडकडून येऊन रेल्वेच्या कारखान्यात लागलेले. आम्ही बौद्ध. आडनावावरून ते कळत नाही, पण आमच्या भिंतीवर दोन फोटो असतात, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातल्या चष्मेवाल्यांचा. ते पाहिल्यावर आडनाव विचारायची गरज उरत नाही.

घरी कुणीही आलं की आई आधी पाण्याचा तांब्या-पेला पुढे करायची आणि पाहुण्याच्या चेहऱ्याकडे न बघता गळ्याकडे बघायची. गळा हलला की ती आत जाऊन चहा टाकायची. काही जण मात्र म्हणायचे, "असू द्या, आत्ताच घेतलं." आई हसून "बरं" म्हणायची, आणि ते गेल्यावर पेल्यातलं पाणी मोरीत ओतायची. माठात परत टाकायची नाही.

आम्हा भावंडांना तिने एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "कुणीही पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही. नाही ऐकल्यावर कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे ना? मग आपण कुणाला ऐकवायचं नाही."

ती हे फार मोठं तत्त्व म्हणून सांगत नसे. भांडी घासता घासता सांगायची. पण मी ते साठीपर्यंत पाळलं. पोस्टात शिपायाने दिलेलं, अनोळखी घरात दिलेलं, नामपल्लीच्या प्रदर्शनात कुणा बाईने आपल्या पोरासाठी आणलेल्या बाटलीतलं, सगळं पाणी मी प्यायले. त्यात दोनदा कावीळ झाली. नियम मोडला नाही.

आता मला सातशे मिलिलिटरमध्ये सगळ्या जगाचं मन राखायचं होतं.

आणि जग तर हातात पेला घेऊनच भेटायला येतं. आपल्याकडे आजाऱ्याला कोरडं कुणी भेटत नाही. कुणी बार्लीचं पाणी आणतं, कुणी सूप, कुणी जावयाच्या मित्राच्या मूत्रपिंडाला लागू पडलेला काढा. मी थोडं थोडं सगळ्यांचं घेत होते. डायलिसिसच्या आधी वजन करतात, त्यावरून दोन दिवसांत किती पाणी साठलं ते कळतं. सिस्टर भाग्यलक्ष्मी काट्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

"अम्मा, चार किलो. नीळ्ळू, पानी, इतना कैकू पीते?"

"लोग देते."

"लोगां जहर दिए तो पी लेते क्या?"

"देनेवाले पे है," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी यंत्रावर आकडा वाढवला, आणि शेवटच्या तासात माझ्या पिंडऱ्यांत असे गोळे आले की मी चादर दातांत धरली. दर वेळी हेच. सिस्टरनी एकदा नीट बसून सांगितलं: असंच चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी जाईल, आणि त्या दिवशी तुम्ही आमच्यापर्यंत पोहोचाल की नाही सांगता येत नाही. म्हणजे मला "नको" म्हणायला शिकायचं होतं, आणि लवकर. साठाव्या वर्षी, एक शब्द.

*

याच सुमारास केंद्राने आम्हा सगळ्यांना एकेक वही दिली. वरती सूर्यफूल. आत रोज एक ओळ लिहायची: आज मी दुसऱ्यासाठी कोणती लहानशी चांगली गोष्ट केली. समुपदेशक बाई तरुण होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की यंत्राच्या आवाजात अर्धं वाक्य विरघळायचं. दुसऱ्याचं भलं केल्याने आपली वेदना कमी होते, असं उरलेल्या अर्ध्या वाक्यावरून समजलं.

वहीच्या उद्घाटनाला व्यवस्थापकांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी प्रत्येक रुग्णाला गुलाबाचं फूल दिलं. आमचा एक हात सुयांनी जखडलेला असतो. दुसऱ्या हातात फूल. फोटो झाले, पाहुणे गेले, आणि आम्ही अकरा माणसं पुढचा तासभर फुलं धरून छताकडे बघत पडलो होतो. माझ्या नाकाला खाज सुटली होती.

तरी मी वही लिहिली. कागद समोर आला की भरायचा, ही नोकरीतली सवय.

"सोमवार. शेजारच्या खुर्चीतल्या रेड्डीगारूंनी मुलाच्या कॅलिफोर्नियातल्या घराला खोल्या किती आहेत ते चौथ्यांदा सांगितलं. मी चौथ्यांदा 'असं?' म्हटलं."

"बुधवार. काही केलं नाही. कुणाचं वाईटही केलं नाही. चालेल का?"

"शुक्रवार. नवऱ्याला न्हाणीघरात पाणी पिताना ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं."

बाईंनी तिन्ही ओळींपुढे तारा काढला. बुधवारच्याही.

खरं सांगायचं तर माझ्यासाठी केलेली चांगली गोष्ट मला त्या वहीबाहेर भेटली. डायलिसिसनंतर मला घरी सोडणारे रिक्षावाले सलीमभाई पहिल्या दिवशी आरशातून बघून म्हणाले, "अम्मा, बहुत थके सो दिख रै. बात करो नक्को. मैं भी नै करतूं." आणि बरकतपुऱ्यापर्यंत खरोखर एक शब्द बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत. दोन वर्षांत माझ्यावर जे उपकार झाले त्यांत हा पहिल्या क्रमांकाचा. नव्या रुग्णांनी असा एक माणूस शोधून ठेवावा. आणि बर्फाचा एक बारीक खडा गालात धरून ठेवावा, पाण्यापेक्षा जास्त पुरतो.

*

आमच्या खालच्या मजल्यावर बिलोलीकरवहिनी राहतात. त्यांचं मूळ शेतकरी घराणं, बिलोलीकडे जमीन होती. आता काचीगुड्यात हार्डवेअरचं दुकान आहे, मुलगा बघतो. बावीस वर्षं आम्ही एका जिन्याने वरखाली करतो. वहिनी उदार आहेत. होळीला पुरणपोळी येते, संक्रांतीला तिळगूळ, अंबाडीची भाजी केली की वाटी येते. प्रज्ञाच्या बारावीच्या परीक्षेला दहीसाखरही त्यांनीच घातली होती.

त्या बावीस वर्षांत त्यांनी आमच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही.

घर घेतलं तेव्हा आल्या, "असू द्या ताई, आत्ताच घेतलं." प्रज्ञाला नोकरी लागली तेव्हा आल्या, आत्ताच घेतलं. माझी आई गेली तेव्हा भेटायला आल्या, दोन तास माझा हात धरून बसल्या, खरोखर रडल्या, आणि रडून घसा बसल्यावरसुद्धा आत्ताच घेतलं. वरच्या मजल्यावरच्या रावांकडे त्या चहा पितात, मी डोळ्यांनी पाहिलंय, बशीत ओतून पितात. बुद्धपौर्णिमेला मी खिरीचा डबा पाठवला, तर दुसऱ्या दिवशी आमच्या दोघींकडे काम करणारी यादम्मा म्हणाली, "अम्मा, खीर बहुत अच्छी थी. उनो पूरा डब्बा मेरेकू दे दिए." मी यादम्माला म्हटलं, छान झालं. पुढच्या वर्षी डबा थेट तिलाच दिला.

मी वहिनींचं सगळं खात-पीत आले. आईचा नियम होता, शिवाय त्यांच्या पुरणपोळ्या चांगल्या असतात.

डायलिसिस सुरू होऊन तीन महिने झाले असतील. एका दुपारी वहिनी दोन शहाळी घेऊन वर आल्या. येतानाच फोडून आणलेली. आमच्याच स्वयंपाकघरातला पेला घेऊन त्यांनी शहाळ्यांतलं पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या ताई. किडनीला शहाळं म्हंजे औषधच. आमच्या दिराचा खडा यानंच पडला."

केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी जो कागद दिला होता त्यावर निषिद्ध वस्तूंमध्ये पहिलं नाव शहाळ्याचं होतं. लाल शाईने. त्यातला एक क्षार आमच्यासारख्यांच्या अंगातून बाहेर पडत नाही आणि हृदयाला जाऊन लागतो. हे मला पाठ होतं.

नको म्हणायला तोंड उघडलं आणि मला वाटलं, माझ्यापुढे पेला धरणारी ही तीच बाई आहे, जिने माझा पेला कधी ओठाला लावला नाही. मी आता नाही म्हटलं तर आम्ही दोघी सारख्या होऊ. मला सारखं व्हायचं नव्हतं. मी दोन्ही शहाळी प्यायले, सावकाश, तिच्याकडे बघत.

याला कुणी चांगुलपणा म्हणू नये. तो निव्वळ माज होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी पलंगावरून पाय खाली घेतले आणि ते आलेच नाहीत. जीभ जड झाली. छातीत काहीतरी अडखळत होतं, जसं जिना चढताना एक पायरी नसावी तसं. चौघांनी मला खुर्चीत बसवून खाली नेलं. पहिल्या मजल्यावर वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

अपघात विभागात पडद्यावरच्या रेषेकडे बघून तिथल्या तरुण डॉक्टरचा चेहरा एकदम कोरा झाला. मी पोस्टात लोकांच्या तारा वाचलेल्या बाई आहे, चेहरा कोरा कधी करतात मला माहीत आहे. मरणाच्या भीतीबद्दल लोक मोठं मोठं बोलतात. मला आठवते ती फार किरकोळ भीती होती: सुधाकरला गॅसचं पुस्तक कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि प्रज्ञाला विचारलं तर तिला गॅसचं पुस्तक म्हणजे काय तेच कळणार नाही.

"क्या लिए थे कल? जूस? नारियल पानी?"

"नारियल पानी."

"कितना?"

"दोन."

"दो? किसने पिलाया?"

"पड़ोसन ने."

"दुश्मनी है क्या?"

मी विचार केला. "नहीं," मी म्हटलं. "अच्छी हैं."

मला लगेच यंत्रावर घेतलं. संध्याकाळपर्यंत पाय माझे झाले.

प्रज्ञा धावत आली. ऐकून तिचा संताप झाला. "मम्मी, शी ऑलमोस्ट किल्ड यू. मैं आज नीचे जाके बोलतूं उनको."

"काय बोलणार?"

"हेच. की तुम्ही माझ्या मम्मीला मारलं असतं."

"जाऊ नको."

"का पण?"

"ती रडेल. मग मला तिची समजूत घालावी लागेल. तेवढा जोर नाही माझ्यात."

प्रज्ञाने माझा हात दाबला. तिने तो माझा मोठेपणा समजला. मी समजू दिला.

*

पाच दिवसांनी घरी आले. सहाव्या दिवशी वहिनी वर आल्या. स्टीलच्या फुलपात्रात ताक, जिऱ्याची पूड घातलेलं, वर ताटली झाकलेली.

मी ठरवलं होतं. शांतपणे सांगायचं: वहिनी, मला पाणी मोजून असतं, ताक चालत नाही. सिस्टर भाग्यलक्ष्मींसमोर सरावही केला होता. वहिनींनी ताटली काढली, फुलपात्र पुढे केलं, आणि माझ्या तोंडातून आलं ते हे:

"असू द्या वहिनी. आत्ताच घेतलं."

आवाजसुद्धा त्यांचाच. तोच गोडवा, तेच जरासं हसू.

वहिनींचा हात तिथेच थांबला. त्यांनी फुलपात्रावर ताटली ठेवली, ती नीट बसली आहे का बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि "येते" म्हणून गेल्या.

मला फार बरं वाटलं. डायलिसिसनंतरही इतकं हलकं वाटत नाही. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, "आज प्रथमच नको म्हटलं. प्रकृतीसाठी." बाईंनी मोठा तारा काढून 'स्वतःवर दया करणं हीसुद्धा दया' असं इंग्रजीत लिहिलं.

मग अकरा दिवस वहिनी वर आल्या नाहीत. भाजीची वाटी आली नाही. यादम्मा झाडू मारता मारता सांगायची, खालच्या अम्मा जेवत नाहीत नीट, मला दोनदा विचारलं, वरच्या अम्मा रागावल्यात का. मी म्हणायचे, कोपऱ्यात नीट झाड.

सुधाकरला सगळं दिसत होतं. बाराव्या दिवशी तो माझ्या बाटलीत पाणी भरता भरता म्हणाला, "तिला कारण सांगून टाक."

"तिने मला सांगितलं होतं? बावीस वर्षांत?"

"तिचं कारण तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुझं तिला ठाऊक नाही." त्याने बाटली उजेडात धरून रेघ तपासली. दोनदा.

त्या वाक्याशी मी दोन दिवस भांडले. मला वहिनींना माफ करायचं नव्हतं, अजूनही केलेलं नाही. पण त्यांना जी शिक्षा होत होती ती त्यांनी केलेल्या गोष्टीची आहे की माझ्या मूत्रपिंडांची, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पाकीट पोस्टातल्या माणसाला सहन होत नाही, आतला मजकूर कसाही असो.

*

वहिनींकडे उतरायला सतरा पायऱ्या आहेत. दोनदा बसले. वहिनींनी दार उघडलं आणि मला धरून आत नेलं. मग उभ्याच राहिल्या.

"पाणी देऊ का नको, तेच समजंना मला," त्या म्हणाल्या.

"चमचाभर द्या."

"चमचाभर?"

"चहाचा चमचा."

त्यांनी पेल्यातून चमच्याने दिलं. मी प्यायले. मग सांगितलं. सातशे मिलिलिटर, बाटली, रेघा, वजनाचा काटा, पिंडऱ्यांतले गोळे. त्या ऐकत होत्या आणि पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

"म्हंजे तुम्ही सगळ्यांलाच नको म्हणायल्यात?"

"आता म्हणायला लागले."

"मग ते शहाळं?"

यासाठी मी तयार नव्हते. वहिनींना हिशेब येतो, दुकान त्यांनीच चालवलंय. एका दुपारी शहाळं, दुसऱ्या सकाळी खुर्चीतून उचलून नेलेली बाई.

"शहाळ्याचं काही नाही," मी म्हटलं. "थोडं चालतं."

"दोन दिले मी."

"ते बीपीचं होतं, वहिनी. डॉक्टर म्हणाले बीपीचं."

त्यांचा विश्वास बसला की नाही, सांगता येत नाही. मी सहसा खोटं बोलत नाही, त्यामुळे मला ते नीट जमत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, एवढं खरं, आणि तो बहुधा त्यांचा माझ्यावरचा उपकार असेल.

मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही बावीस वर्षांचं एकदाच फेडलात."

"तेही होतंच," मी म्हटलं.

पंखा फिरत होता. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"सासूबाई असताना घरात फार बंधन होतं, ताई. पायरीवर उभ्या राहून विचारायच्या, काय घेतलं का वरी."

"सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, वहिनी."

"हौ," त्या म्हणाल्या. "नऊ झाली." आणि चष्मा चढवून, "सवय."

मी याहून बरं कारण अपेक्षिलं होतं. धर्म, शपथ, एखादा नवस. बावीस वर्षं मी ज्याचा राग धरला त्याला निदान उंची असावी असं वाटतं. पण सवयच होती. मला आईने मोरीत ओतलेलं पाणी आठवलं आणि मी उठले. जिना चढवून द्यायला त्या बरोबर आल्या, दारापर्यंत. आत आल्या नाहीत.

त्या दिवशी वहीत लिहिलं, "आज एका बाईशी खोटं बोलले." समुपदेशक बाईंनी बराच वेळ ती ओळ वाचली आणि काहीच काढलं नाही. त्यांच्याबद्दलचं माझं मत जरा सुधारलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता वहिनी आल्या. हातात काही नव्हतं. बावीस वर्षांत रिकाम्या हाताने पहिल्यांदाच. दोन फोटोंच्या खालच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि परीक्षेला बसल्यासारख्या म्हणाल्या, "ताई, जरा पाणी द्या."

सुधाकर आतून पेला घेऊन आला. वहिनींनी पेला घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि एका दमात सगळा रिकामा केला. मग दुसरा मागितला. तोही संपवला.

या ठिकाणी माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आईची आठवण वगैरे. आलं नाही. बाहेर बेचाळीसचं ऊन होतं, माझी संध्याकाळची रेघ यायला अजून दोन तास होते, आणि कुणीतरी माझ्यासमोर बसून दोन पेले गार पाणी प्यायलं होतं. मला तिचा रागच आला. पण तो साधा, तहानेचा राग होता, त्यात बाकी काही मिसळलेलं नव्हतं. असा स्वच्छ राग मला त्यांचा पूर्वी कधी आलेला नाही.

वहिनींनी पेला खाली ठेवला, ओठ पुसले.

"पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असं नाही येत."

आमच्या इमारतीला पाण्याची टाकी एकच आहे.